चांगुणाकाकू आणि एक एकराचा तवा

चांगुणाकाकू पहिल्यांदा वर्गात आल्या तेव्हा आम्ही सगळे उठून उभे राहिलो. कडक इस्त्रीची सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा, काखेत जाडजूड वही आणि चेहऱ्यावर 'कोण बोलतंय तिकडे' असा भाव. रोह्याच्या आमच्या कॉलेजात भूगोलाच्या नव्या मॅडम आल्या, असंच सगळ्यांना वाटलं. काकूंनी वर्गावर एक नजर फिरवली, "बसा, बसा" म्हणाल्या आणि स्वतः पहिल्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसल्या. पाच मिनिटांनी भूगोलाचे खरे सर आले, तेव्हा एकदा फसल्यामुळे कुणीच उठलं नाही. वाळिंबे सर त्यावरून वर्षभर आमच्यावर नाराज होते.

बसल्या बसल्या काकूंनी मला विचारलं, "नाव काय गो तुझा?"

"शाहीन."

"शाईन," त्या म्हणाल्या आणि वहीच्या पहिल्या पानावर तसंच लिहून घेतलं. पुढची तीन वर्षं मी शाईनच राहिले. कुवेतहून अब्बांचा फोन आला की तेसुद्धा विचारायचे, "तुझ्या त्या काकू कशा आहेत, शाईन?"

काकू तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. पेणजवळ खाडीकाठी त्यांचं गाव. माहेरही मिठागरातलं आणि सासरही. दहावी लग्नाआधी झाली, बारावी दोन मुलांनंतर, आणि धाकटी पल्लवी कॉलेजात गेल्यावर काकूंनीही कॉलेजचा फॉर्म भरला. आधी त्या पल्लवीच्याच कॉलेजात, पेणला, नाव घालणार होत्या. पल्लवी दोन दिवस जेवली नाही. मग काकूंनी रोहा धरलं. रोज सकाळची गाडी पकडून पेणहून यायच्या आणि डब्यात शेजारी बसणाऱ्या कुणालाही आदल्या दिवशीचा धडा म्हणून दाखवायच्या. धाटावच्या कंपन्यांमध्ये पहिल्या पाळीला जाणाऱ्या किमान चार कामगारांना त्यामुळे हवेच्या दाबाचे पट्टे पाठ झाले होते.

त्यांचे दोन शब्द अख्ख्या कॉलेजला माहीत होते. "नाय पटलं." ते त्या रागाने म्हणत नसत. ताकात मीठ कमी पडलंय हे सांगावं तसं सांगायच्या, आणि मग पटेपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. कँटीनवाल्या अनीसभाईंचा वडा लहान झाला तेव्हा काकू दुसऱ्या दिवशी घरून वडा करून घेऊन आल्या, अनीसभाईंच्या वड्याशेजारी बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "अनीसभाई, आता तुमीच सांगा. यातला वडा कंचा आनी भजी कंची?" अनीसभाईंनी आधी काकूंचा वडा खाल्ला, विचार करायला वेळ हवा म्हणून अर्धा आणखी मागितला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा वडा वाढला.

वर्गातही तसंच. मुलं शिकवणं संपायची वाट बघायची; काकू मधेच हात वर करून म्हणायच्या, "सर, थांबा जरा. हे नाय पटलं." वाळिंबे सर खडू हातात धरून थांबायचे.

वाळिंबे सरांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्याशी घडलं. सर मूळचे साताऱ्याकडचे. रोह्यात एक खोली घेऊन एकटे राहायचे. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात लाल, निळं आणि काळं अशी तीन पेनं. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं होतं, आणि अळणी जेवून जेवून त्यांच्या चेहऱ्यावरही तीच चव उतरली होती. मनाने वाईट नव्हते. पण एका गोष्टीवर त्यांची विलक्षण श्रद्धा होती: संदर्भसूची. आपण काय लिहिलं यापेक्षा ते कुठून घेतलं, हे शेवटच्या पानावर आहे का, ते सर आधी बघायचे. "ज्ञानाला पत्ता लागतो," असं ते म्हणत.

तिसऱ्या वर्षाला पंचवीस गुणांचा प्रकल्प होता. विषय स्थानिक उद्योग. वर्गातल्या अर्ध्या मुलांनी मीठ घेतलं. मीही घेतलं, आणि काकूंनी तर घेतलंच.

काकूंनी तीन महिने घातले. बत्तीस पानं, सगळी हाताने लिहिलेली. उधाणाचं पाणी आत कधी घ्यायचं, ते एका खणातून दुसऱ्या खणात कसं फिरवायचं, तळाची माती पायांनी तुडवून सिमेंटसारखी कशी करायची, वारा कोणत्या बाजूचा असला की मिठाचा दाणा जाड पडतो, सगळं. मधे मधे पेन्सिलीने काढलेली चित्रं. एका चित्रात त्यांच्या सासूबाई लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढताहेत आणि खाली लिहिलं होतं, 'ही माझी सासू. नाक जमलेलं नाही.'

मी दोन तास घातले. मोबाईलवर इंग्रजी मजकूर शोधला, मोबाईललाच मराठी करायला लावला आणि वाचायचे कष्ट न घेता उतरवून काढला. शेवटी सुबक अक्षरात संदर्भसूची जोडली. त्यात पाच पुस्तकं होती. चार ग्रंथालयाच्या कपाटाच्या काचेतून दिसली ती. पाचवं काही मिळेना, तेव्हा मी ते जागेवरच तयार केलं: 'मीठ: एक समग्र अभ्यास', लेखक डॉ. बी. एन. नमकवाला.

मला पंचवीसपैकी एकवीस मिळाले. काकूंना सात.

पास व्हायला दहा लागत होते. काकूंच्या शेवटच्या पानावर लाल पेनाने शेरा होता: 'संदर्भसूची नाही. माहिती ऐकीव. भाषा अशास्त्रीय.'

काकूंनी तो शेरा तीनदा वाचला. "ऐकीव?" त्या म्हणाल्या. "शाईन, ही माहिती मी कानानं नाय गो ऐकली. पायानं केलीय." मग चष्मा पुसला. त्यांना रडू आलं असेल तर ते तेवढ्यात उरकलं.

त्यात पेणच्या छापखान्यातून फोनवर फोन. पल्लवीचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. व्याह्यांच्या बाजूच्या नावांमागे नुसत्या पदव्याच पदव्या. कुणी बी.कॉम., कुणी बी.ई., नवऱ्या मुलाची आत्या तर एम.एस्सी. पत्रिकेत आपल्या नावापुढे 'बी.ए.' छापायचं काकूंनी फार आधी ठरवून ठेवलं होतं. ही गोष्ट त्यांनी मला एकटीलाच सांगितली होती, तीही कँटीनमध्ये, वड्याआड तोंड लपवून. आता छापखानावाला विचारत होता, "काकी, बी.ए. टाकू का नको? मशीन थांबलीय."

दुसऱ्या दिवशी काकू सरांपुढे उभ्या राहिल्या. मी वह्या गोळा करायच्या निमित्ताने दाराशी रेंगाळत होते.

"सर, सात गुन नाय पटले."

"चांगुणाबाई, एकदा दिलेले गुण दिलेले असतात."

"पन यात चूक काय हाय ते दाखवा."

"संदर्भ कुठे आहे? हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सासूबाईंनी."

"सासूबाई हा संदर्भ होत नाही," सर म्हणाले आणि अळणी पोळीचा डबा उघडला.

बाहेर आल्यावर काकू मला म्हणाल्या, "त्या मानसाला पाच वर्सं मीठ बंद हाय. तो मिठाला गुन काय देनार?" आणि तिथल्या तिथे प्राचार्या मॅडमना अर्ज लिहायला बसल्या. अर्जाची सुरुवात मला अजून आठवते: 'महोदया, मी मीठ चांगलं लिहिलं आहे. सर चांगले आहेत पण त्यांनी ते वाचलेलं दिसत नाही.'

प्राचार्या मॅडम शिस्तीच्या. त्यांनी नियमाची वही काढली, तीन जणांची समिती नेमली आणि गुरुवारची तारीख दिली. पत्रात एक ओळ होती: 'विद्यार्थ्याने आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ पुरावे सोबत आणावेत.' ती ओळ लिहिणाऱ्याच्या मनात कागदपत्रं असावीत.

गुरुवारी काकू स्टेशनवरून रिक्षाने आल्या. रिक्षात काकू, त्यांच्या ऐंशी वर्षांच्या सासूबाई, मिठाची एक टोपली आणि ती लांब दांड्याची लाकडी फळी. फळी रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट बाहेर आली होती. रिक्षावाला रस्ताभर "बाजू, बाजू!" ओरडत आला होता आणि त्याचा आवाज बसला होता. फाटकाशी वॉचमनने अडवलं.

"हत्यार आत नेता येणार नाय."

"हत्यार नाय, पुरावा हाय," काकूंनी पत्र दाखवलं. वॉचमनने पत्र वाचलं, फळीकडे बघितलं आणि आजींना विचारलं, "आनी या?"

"या पन पुरावा."

समिती स्टाफरूममध्ये बसली होती. प्राचार्या मॅडम, इतिहासाचे एक सर आणि वाणिज्यच्या एक मॅडम. वाळिंबे सर फाइल घेऊन आलेले. फळी दारातून तिरकी करून आत घेताना पंख्याला लागली आणि पंखा बंद पडला. मार्च महिना, त्यामुळे सगळे पहिल्यापासूनच घामाघूम.

मला का बोलावलं ते मला ठाऊक नव्हतं. आत गेल्यावर कळलं. वाळिंबे सर माझा प्रकल्प हातात उंच धरून म्हणत होते, "प्रकल्प कसा असावा, याचा हा नमुना. ही विद्यार्थिनी याच वर्गातली. संदर्भसूची बघा."

मी एक पाऊल मागे, भिंतीकडे सरकले.

"वाचा की मग," काकू म्हणाल्या. "आमालाबी कळूद्या."

सरांनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "कोकणात मीठ तयार करण्यासाठी मोठमोठे तवे वापरले जातात."

प्राचार्या मॅडमनी लिहिता लिहिता मान वर केली.

"हे तवे खाडीच्या काठाने पसरलेले असतात. एका तव्याचे आकारमान सुमारे एक एकर असते." सरांचा आवाज जरा मऊ झाला. "तव्यात समुद्राचे पाणी ओतून..."

"थांब बाला," आजी खुर्चीतून पुढे झुकल्या. त्यांना कमी ऐकू यायचं, पण तवा ऐकू आला होता. "येक येकराचा तवा?"

"असं... लिहिलंय खरं," सर म्हणाले.

"आनी चूल कवरी?"

इतिहासाचे सर खोकायला लागले आणि बराच वेळ खोकतच राहिले. वाणिज्यच्या मॅडमनी रुमाल तोंडावर धरला. मला तेव्हा कळलं काय झालं होतं ते. इंग्रजीत मिठागराला 'सॉल्ट पॅन' म्हणतात, आणि माझ्या मोबाईलने इमानदारीत त्या पॅनचा तवा केला होता. बारा पानांत एकोणतीस तवे होते. सरांनी त्यातल्या एकाखालीही लाल रेघ ओढली नव्हती.

सरांनी घाईघाईने शेवटचं पान उघडलं. "भाषेत थोडी गफलत असेल. पण संदर्भ बघा! पाच ग्रंथ. हे डॉ. नमकवाला, हे तर या क्षेत्रातलं फार मोठं नाव."

"तुम्ही वाचलंय त्यांचं?" प्राचार्या मॅडमनी विचारलं.

"चाळलंय," सर म्हणाले.

मला आणखी सहन होईना. "मॅडम," मी म्हणाले, "नमकवाला नाहीयेत."

"अरेरे. कधी वारले?"

"वारले नाहीत मॅडम. जन्मलेच नाहीत. मी केलेत ते."

आजी शेजारी काकूंना विचारत होत्या, "कोन वारला गो?" काकू त्यांना "कोन नाय, कोन नाय" म्हणत होत्या. वाळिंबे सर उभे होते ते सावकाश खाली बसले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते एकदम वेगळे, शाळकरी मुलासारखे दिसायला लागले. माझी त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. मला वाटलं, आता ओरडतील.

ते म्हणाले, "चांगुणाबाई, तुमचा प्रकल्प द्या बघू इकडे."

आणि त्यांनी तो पहिल्या पानापासून वाचायला घेतला. समिती थांबली. चहा आला, गार झाला, दुसरा आला. बाहेर तास संपल्याची घंटा दोनदा झाली. सर पान उलटत होते, मधेच मागे जात होते. सासूबाईंच्या चित्रापाशी आल्यावर त्यांनी आजींच्या नाकाकडे नीट बघितलं आणि पुन्हा चित्राकडे. पंधराव्या पानावर त्यांनी मान वर केली. "पहिलं मीठ फेकून का देता?"

"त्यात माती येते," काकू म्हणाल्या.

"आनी करू लागतं," आजी म्हणाल्या. त्यांचं 'करू' म्हणजे कडू. "जिभेवर ठेव, कलेल." टोपलीतून एक जाड खडा उचलून त्यांनी सरांच्या तळहातावर ठेवला. सरांनी खड्याकडे बघितलं. दाराकडे बघितलं, जणू तिथे डॉक्टर उभे आहेत. मग खडा तोंडात टाकला. त्यांचे डोळे मिटले. पाच वर्षांनी मीठ चाखणाऱ्या माणसाचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. त्याचं वर्णन मला अजून जमलेलं नाही.

"हे गोड लागतंय," ते म्हणाले.

"ते चांगलं मीठ हाय," आजी म्हणाल्या. "करू तुला कोन देईल?"

वाचून झाल्यावर सर उभे राहिले. "मॅडम, मी यातलं फक्त शेवटचं पान बघितलं होतं. माझी चूक झाली. मी यांना पंचवीसपैकी पंचवीस देतो."

मी टाळ्या वाजवणार होते. हात वरही गेले होते.

"नाय पटलं," काकू म्हणाल्या.

प्राचार्या मॅडमनी कपाळाला हात लावला. "आता काय?"

"पंचवीस कशाला? संदर्भसूची मी लावली नाय हे खरं हाय. सरांनी वर्सभर सांगितलं होतं. आनी ऱ्हस्व-दीर्घ किती चुकलेत बघा, मलाच लाज वाटते. लाजेखातर दिलेले गुन मी घेनार नाय."

"मग किती देऊ?" सरांनी विचारलं. मला वाटतं, विद्यार्थ्याला हे विचारायची त्यांची पहिलीच वेळ होती.

काकूंनी विचार केला. माझ्याकडे बघितलं. "हिला तव्याचे एकवीस दिलेत ना? मंग मला बावीस द्या. तव्यापेक्षा एक जास्ती."

बावीस ठरले. वाणिज्यच्या मॅडमनी तसं लिहून घेतलं. मग सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. सरांनी खिशातून लाल पेन काढलं. माझी पाठ भिंतीला लागली होती.

"सर," काकू मधे पडल्या, "तिला नापास नका करू. मी तिला रविवारी आमच्या मिठागरात नेते. हातात फळी देते. संध्याकाळपर्यंत तिला तवा आनी मिठागर यातला फरक कळेल."

तो रविवार मी विसरणार नाही. गुडघ्यापर्यंत खारं पाणी, पाय दोन ठिकाणी कापलेला, त्यात मीठ. मी ओरडले की आजी बांधावर बसून हसायच्या. दुपारी काकूंनी बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. भाकरी थापताना त्यांनी तव्याकडे बोट दाखवलं आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "शाईन, हा लहान हाय." मी नवीन प्रकल्प लिहिला. तेरा मिळाले. ते मात्र माझे होते.

पत्रिका छापली गेली. निकाल लागायला अजून अवकाश होता आणि न मिळालेली पदवी छापणं काकूंना पटेना, म्हणून छापखानावाल्याशी तासभर चर्चा होऊन आईच्या नावापुढे 'बी.ए. (निकाल प्रतीक्षेत)' असं आलं. ती पत्रिका वाचून नवऱ्या मुलाचे एक काका नागोठण्याहून धावत आले आणि त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, कोर्टात काही आहे का. काकूंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि मिठाची सगळी हकीगत पहिल्यापासून सांगितली. ते जेवूनच गेले.

लग्नाला वाळिंबे सर आले होते. खिशात तिन्ही पेनं. पंगतीत त्यांच्यापुढे वेगळं ताट आलं: अळणी भात, अळणी वरण, अळणी भाजी. काकूंनी पहाटे उठून ते स्वतः रांधलं होतं. आणि ताटाच्या कोपऱ्यात, जिथे मीठ वाढतात तिथे, एकच जाड खडा. सरांनी सगळं जेवण संपवलं. खडा शेवटी तोंडात टाकला. मग आजींच्या शेजारी बसून ते वाऱ्याबद्दल काहीतरी विचारत होते आणि आजी त्यांना 'बाला' म्हणत होत्या.

निकाल लागला, काकू पास झाल्या, मीही झाले. मी धाटावला एका कंपनीत लागले. भेटी कमी झाल्या, मग फोनवरच राहिल्या, मग सणासुदीला.

गेल्या डिसेंबरात मी एसटीने पेणला चालले होते. पेणच्या अलीकडे खाडीकडे रस्ता फुटतो, तिथे गाडी थांबली. खिडकीतून बघते तर त्या लहान रस्त्यावरून एक स्कूटर येत होती. चालवणारीचे दोन्ही पाय दोन्ही बाजूंनी जमिनीला लागलेले, पदरावरून हेल्मेट, हेल्मेटच्या आत घसरलेला चष्मा. मागे आजी. आजींनी दोन्ही हातांनी काकूंची कंबर आवळली होती आणि डोळे गच्च मिटले होते.

"काकू!" मी खिडकीतून ओरडले. "चांगुणाकाकू!"

त्यांना ऐकू गेलं. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, झाडाकडेसुद्धा बघितलं. मी सोडून सगळीकडे. मग हाक कुणाचीही असो, तिला उत्तर द्यायला हवं म्हणून त्यांनी पाय वर घेतले आणि दोन्ही हात सोडून जोरजोरात हलवले.

एसटी सुटली. मी उठून मागच्या काचेशी धावले. स्कूटर सरळ चालली होती, आजींचे डोळे मिटलेले होते, आणि काकूंचे हात अजून वरच होते.